बाभळीचा काटा

"काटा लावलेलं सोडून वाच गं," बहात्तर सालातल्या त्या रविवारीही दादा पुस्तक देताना म्हणाले.

वाचनालयातून आणलेली कादंबरी हे निवृत्त गुरुजी आधी स्वतः वाचत. बाईच्या मनाला झेपणार नाहीत असं वाटे ती पानं बाभळीच्या काट्यानं टाचत आणि मगच पुस्तक लेकीला देत. प्रमिला हळूच काटा काढी, वाची आणि त्याच भोकात परत खोवून ठेवी.

"दादा, चौतिसावं लागलं मला. सोनईत हेडबाई हाय मी."

"म्हनून तर जास्त जपायचं. हेडबाई बिघडली की समदी शाळा बिघडती," म्हणत ते खोकत खोकत हसले.

सोमवारी सकाळी दादा झोपेतून उठलेच नाहीत.

तेरावा झाल्यावर तिनं ते पुस्तक उघडलं. काटा होता, पण एकाही पानाला भोक नव्हतं. प्रेमाचं प्रकरण सुरू होत होतं, नेमका तिथं तो खुणेसारखा नुसता ठेवलेला होता.

प्रमिलानं खुंटीवरच्या त्यांच्या टोपीकडं पाहिलं.

"दादा, मी पहिल्यापासून सगळी पानं वाचली. काट्यातली तर दोन-दोनदा."