जोडीदार

“बेल एकदाच वाजवायची आणि मागे सरकून उभं राहायचं,” ती म्हणाली. “दाराला नाक लावून उभा राहिलास तर आतला माणूस बिचकतो.”

तो मागे सरकला. दार काही उघडलं नाही. आतला टीव्ही तेवढा बंद झाला.

तिला दारांची सवय होती. ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि रोज सकाळी घरोघरी जाऊन रक्त घ्यायची. तो पंखे आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. रविवारी दुपारी मात्र चर्चमधल्या मंडळींबरोबर दारोदार फिरून येशूबद्दल सांगायचा. मंडळी जोडीजोडीने निघत. त्याचा जोडीदार म्हणजे चर्चमधला एक म्हातारा शिंपी. आज शिंप्याचा गुडघा सुजला होता आणि एकट्याने जायचं याच्या जिवावर आलं होतं.

“मी येते,” ती म्हणाली होती. “बोलणार नाही. पत्रकं धरते.”

चपला घालता घालता तो थांबला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं ती कधी म्हणाली नव्हती.

ती ख्रिस्ती नव्हती. लग्नाच्या वेळी दोन्ही घरांत बरीच आदळआपट झाली. शेवटी तिच्या वडिलांनी एकच अट घातली, माझ्या मुलीवर तुझा देव लादायचा नाही. तेव्हा तो नावापुरताच ख्रिस्ती होता, त्यामुळे शब्द देणं सोपं गेलं. पुढे विश्वास आला, पण शब्द तसाच राहिला. तो त्याने इतका पाळला की घरात येशूचं नावही काढत नसे. बायबल दुरुस्तीच्या दुकानात ठेवलेलं. दुकानात, गल्लीत, बसमध्ये तो ख्रिस्ती होता. उंबरठ्याच्या आत नुसता नवरा. जेवणाआधी प्रार्थना करायचा, तीही मनातल्या मनात, डोळे उघडे ठेवून. तिला ते कळायचं. ताटं वाढून झाली की ती मीठ आणायला म्हणून उठायची आणि ओट्यापाशी उगाच रेंगाळायची. मीठ पुष्कळदा ताटाशेजारीच असायचं.

रविवारी सकाळी चर्चमध्ये तो बाकाच्या टोकाला बसायचा. शेजारी एका माणसापुरती जागा ठेवायचा. कुणी सरका म्हटलं तर सरकायचा, पण जरा वेळ लावून.

पुढच्या दारात एका बाईने साखळीच्या फटीतून पत्रक ओढून घेतलं. त्याच्या पुढच्या दारातला माणूस म्हणाला, “आम्हाला काही विकत घ्यायचं नाही.” काही विकायचं नाहीये, हे त्याने सांगेपर्यंत कडी लागलीसुद्धा.

“तुला बघून लोक दार लावतात,” जिना चढताना ती म्हणाली. “मला बघून बाही वर करतात.”

तो हसला. ती दर रविवारी अशी बरोबर आली तर, असं त्याच्या मनात आलं, आणि आल्या पावली त्याने ते परत पाठवलं.

वरच्या मजल्यावरचं दार एका म्हाताऱ्याने उघडलं. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस. बायको आजारी असताना तिचं रक्त घ्यायला हीच यायची.

“रक्तवाल्या ताई, आज कुणाचं?” त्याने खरंच बाही वर केली.

“आज रक्त नाही, काका. आज हे बोलणार आहेत.”

म्हाताऱ्याने दोघांना आत बसवलं, पाणी दिलं. बायकोच्या खुर्चीवर तो स्वतः बसला नाही, त्यांनाही बसू दिलं नाही. नवऱ्याने घसा साफ करून सुरुवात केली, तसा म्हाताऱ्याने हात वर केला.

“पाठ केलेलं नको. आमची ही गेल्यापासून तेच ऐकतोय. तुमचं स्वतःचं काय झालं ते सांगा.”

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पत्रकांकडे बघत होती. म्हातारा वाट पाहत होता.

“आमची मुलगी जन्मली आणि गेली,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो. रडूसुद्धा येईना. नुसता भिंतीकडे बघत होतो. आणि एकदम जाणवलं, शेजारी कुणीतरी येऊन बसलंय. दिसत कुणी नव्हतं. बोललंही कुणी नाही. नुसतं बसून राहिलं. मुलगी काही परत आली नाही, काका. पण मी एकटा नव्हतो. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलतो.”

ती त्या वेळी त्याच भिंतीच्या पलीकडे होती. खाटेवर, छताकडे बघत, एकटी. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा शांत होता. आधी तिला त्या शांतपणाचा राग आला होता. मग कितीतरी वर्षं हेवा वाटत राहिला. तो शांतपणा त्याने कुठून आणला, हे विचारायचं तिच्या ओठांवर यायचं आणि तिथेच राहायचं.

म्हाताऱ्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“आणि ताई, तुमचं?” त्याने विचारलं. “तुमचा विश्वास कसा बसला?”

“नाही, नाही,” नवरा घाईघाईने म्हणाला. “ती नुसती सोबत आलीये. तिचा काही संबंध नाही.”

तिने पत्रकांच्या कडा बोटांनी सारख्या केल्या. बोलली ती म्हाताऱ्याशी, पण नजर नवऱ्याकडे होती.

“आमच्या घरी अजून कुणी सांगायला आलंच नाही, काका.”