चष्मा काढून बघणारा

नवरा गेल्यापासून आज प्रथमच तिने त्याची दुर्बीण आकाशदर्शन क्लबच्या गच्चीवर आणली. अंधार पडताच शनीवर लावली, फोकसचं चाक फिरवून कडं स्पष्ट केलं आणि जरा मान वळवली. पुन्हा डोळा लावला, तर शनी धूसर.

दोनदा असंच झालं.

"कोणी हात लावला का?"

"तुमच्याकडे कोणी फिरकलंच नाही, वहिनी," खजिनदार म्हणाले.

नवरा चष्मा काढून बघायचा आणि चाक आपल्या नंबरावरच सोडून जायचा. "मलाही डोळे आहेत म्हटलं," ती दरवेळी करवादायची.

या खेपेला तिने चाक फिरवलं नाही. डोळा लावून त्यावर नुसतं बोट टेकवलं.

"बघ सावकाश," ती पुटपुटली.

बोटाखालचं चाक हळूच फिरलं, आणि शनीचं कडं तिला लख्ख दिसू लागलं.