इंजिन कोणाचं?

मोटरसायकलचं इंजिन छोट्या विमानाला बसवायला मिस्त्रीला दोन वर्षं लागली. पंखा बेताने फिरावा म्हणून त्याने पट्ट्याची जोडणी तीनदा बदलली, आणि एक प्लग दगा देईल म्हणून प्रत्येक सिलिंडरला दुसरा बसवला. मालकांनी या काळात इंजिनाशेजारी उभं राहून फोटो तेवढे काढून घेतले, तेही पाना उलटा धरून.

विमानाच्या नाकावर मालकांचं नाव हातभर अक्षरांत रंगवलं गेलं. मिस्त्रीच्या बायकोला राहवलं नाही. "शेठ, खाली बारीक अक्षरांत यांचंही नाव घाला ना. मुलांना दाखवता येईल."

"अहो वहिनी, पाने फिरवणारे पैशाला पासरी मिळतात," मालक हसले. "डोकं माझं आहे."

मिस्त्री पाना उचलून इंजिनाकडे वळला.

पहिल्या उड्डाणाच्या सकाळी वैमानिकाने मालकांपुढे एक कागद धरला. "इंजिन हवेत बंद पडलं तर जबाबदार कोण, ते लिहून खाली सही करा."



मालकांनी तो कागद अदबीने मिस्त्रीपुढे सरकवला. "छे छे, सगळी करामत मिस्त्रीसाहेबांची! त्यांचं श्रेय मी कसं लाटू?"