सात आणि आठ

पॅनेल उघडताच दादांचं डोकं फिरलं. सातच्या जागी आठची वायर, आठच्या जागी सातची! नंबरांच्या त्या बारीक कड्या वायरींवर त्यांनी स्वतःच्या हाताने चढवल्या होत्या. अख्ख्या वीजकेंद्रात दादांच्या कामाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. एकट्या धाकट्या भावाची होती.

सहा वर्षांपूर्वी जनित्र हेलकावे खाऊ लागलं आणि निम्मा मुलूख अंधारात गेला. दवाखान्यात दोन माणसं दगावली. हेलकावे शमवणारा स्टॅबिलायझर याच पॅनेलात, त्याच दिवशी पहिल्यांदा चालू केलेला. तासाभरातच धाकटा इथे सापडला, हातात स्क्रूड्रायव्हर. चौकशीत त्याने तोंडातून ब्र काढला नाही. नोकरी गेली. त्याच्याविरुद्धच्या अहवालावर पहिली सही दादांची. तेव्हापासून स्टॅबिलायझर बंद होता, पॅनेलला आजपर्यंत सील होतं आणि भावाला घराचं दार बंद होतं.

आज सकाळीच धाकट्याच्या बायकोचा फोन आला होता. "भाऊजी, डॉक्टरांनी आशा सोडलीय. एकदा येऊन जा हो."

"कामात आहे," म्हणून दादांनी तो ठेवून दिला होता.

"बघ, बघ त्याचे प्रताप!" दादा ऑपरेटरला म्हणाले. वायरी सोडवून त्यांनी नंबरांप्रमाणे लावल्या, स्टॅबिलायझर चालू केला आणि जनित्राला चाचणीचा हलकासा धक्का दिला. सगळं ठीक असेल, तर नोंदयंत्राच्या कागदावरची रेघ दोन-तीन हेलकाव्यांत निवते.

निवली नाही. दुसरा हेलकावा पहिल्याहून मोठा, तिसरा त्याहून मोठा. पायाखालची फरशी थरथरायला लागली.

"दादा, बंद करू?"

"कर! अरे, कर लवकर!"

दादांनी वायरी पुन्हा उलट केल्या, धाकट्याने ठेवल्या होत्या तशा. स्टॅबिलायझर चालू करून पुन्हा धक्का दिला. दोन हेलकाव्यांत रेघ सरळ झाली.

म्हणजे कड्याच चुकल्या होत्या. पहिल्या दिवसापासून. धाकटा बिघाड करायला आलाच नव्हता, थोरल्याची चूक निस्तरायला आला होता. आणि आपण त्याचं आयुष्य मातीत घातलं.

दादांनी धाकट्याच्या बायकोला फोन लावला. "त्याला सांग, मी निघालोय. आत्ता निघालोय."

"तास झाला, भाऊजी. गेले ते." तिला हुंदका आवरेना. "शेवटी सारखं एकच चाललं होतं, वायरींचं दादाला कळू देऊ नकोस. कसल्या वायरी हो, भाऊजी?"