चेमाचा सलाम

फर्मिना फडकं घेऊन बेडूकघराच्या काचेकडे निघाली आणि निदियाने तिचा हात मध्येच धरला.

"पुसू नका."

पुतणीच्या लग्नासाठी फर्मिना नऊ दिवस पेनोनोमेला काय गेली, काचेवर धुळीचा थर बसला होता. एल व्हाये गावच्या त्या छोट्या प्राणिसंग्रहालयात दोन वर्षं तिने ही काच इतकी लख्ख ठेवली होती की येणारे त्यावर नाक आपटून घेत.

"अगं पोरी, उद्या राजधानीतून साहेब यायचेत. त्यांना ही घाण दाखवणार?"

साहेब यायचे होते ते बेडूकघराला टाळं लावायलाच. डोंगरातल्या ओढ्यांतून सोनेरी बेडूक नाहीसा झाला, म्हणून निदियाने हे घर आखलं होतं. नकाशात तिने सगळं आणलं. ओढ्याचे दगड, गार पाणी, शेवाळ, आणि शाळेच्या मुलांना नीट दिसावं म्हणून जमिनीपासून छतापर्यंत एकच मोठी काच. अंडी तेवढी आली नाहीत. चेमा आणि लुपे ही एकच जोडी होती, आणि उद्यापर्यंत काही झालं नाही तर दोघांची रवानगी शहरातल्या प्रयोगशाळेत होणार होती. काळजीने निदिया सहा किलो उतरली होती. लुपे मात्र छान गुटगुटीत होती.

चेमाला फर्मिनाचा भारी लळा. ती काच पुसू लागली की तो दगडावर चढायचा आणि पुढचा पाय उचलून हलवायचा. मग हिचं फडकंही तासभर फिरत राहायचं. "माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांत मला कधी हात केला नाही," ती गावभर सांगायची. "हा रोज करतो."

"खाली बसा. इथून बघा," निदिया म्हणाली.

काचेच्या कोपऱ्यात तिने बोटाने नाण्याएवढी जागा पुसली होती. फर्मिनाने डोळा लावला. दगडाखाली पांढऱ्या मण्यांच्या माळा पसरल्या होत्या.

फर्मिनाने छातीवर क्रूस काढला आणि तिथेच फरशीवर फतकल मारली. आनंदाने तिला रडूच आलं. "मेल्याला मी नसतानाच बरं सुचलं."

"तुम्ही नव्हता म्हणूनच सुचलं, फर्मिनाबाई. ओढ्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून हे बेडूक हाताने बोलतात. मला ठाऊक होतं. पण तुमचं फडकं त्याला हात वाटेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही." तिने नवा नकाशा उलगडला. मोठ्या काचेच्या जागी आता भिंत होती, आणि मुलांच्या उंचीवर छोटे छोटे झरोके. दारावर पाटी होती, 'हात खिशात'.

"म्हणजे तो मला सलाम करत नव्हता?"

"नाही. चालती हो माझ्या घरातून, असं सांगत होता. दोन वर्षं तुम्हाला हाकलता हाकलता लुपेकडे बघायला त्याला फुरसत कुठली?"

फर्मिनाने फडक्याची घडी केली, एप्रनच्या खिशात ठेवली आणि डोळे पुसत हसायला लागली.

"म्हणजे माझ्या नवऱ्याने," ती म्हणाली, "चाळीस वर्षांत मला एकदाही हाकललं नाही."