करारी

“गेला तर गेला वास. तू डोळ्यांनी हुंगत जा, पोरी.”

मावशी हे म्हणाली तेव्हा साळुंकी लहान होती, अंथरुणात होती. ताप उतरला होता आणि उतरताना नाकातलं सगळं जग घेऊन गेला होता. दूध करपलेलं कळेना. फूल आणि फडकं सारखंच. मावशीचा तो मऊ, खालच्या पट्टीतला आवाज अजून कानात होता. आज तर सकाळपासून होता.

कारण आज बाई दुकानात येऊन बसल्या होत्या.

साळुंकी हे नाव दुकानातल्यांनी ठेवलेलं. गिऱ्हाइकाशी सारखी बोलते म्हणून. शहरातल्या सगळ्यांत महागड्या अत्तरांच्या दुकानात ती विकायला उभी असायची, आणि तिला वास येत नाही हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. कळलं असतं तर त्याच दिवशी घरी बसायची वेळ.

अत्तरं ती चेहऱ्यांवरून शिकली होती. कुठल्या बाटलीने कपाळावरची आठी सुटते, कुठलीने खांदे मागे जातात, कुठला थेंब मनगटावर पडला की माणूस डोळे मिटून दूर कुठेतरी जाऊन येतो. तिने दिलेली बाटली बदलून मागायला सहसा कुणी यायचं नाही.

बाई म्हणजे ही सारी अत्तरं घडवणाऱ्या. कपाटात मधोमध ठेवलेलं ‘करारी’ त्यांचं सगळ्यांत अलीकडचं आणि सगळ्यांत महाग. नवं दुकान निघणार होतं. ते कुणाच्या हाती द्यायचं हे ठरवायला त्या आल्या होत्या. साळुंकीच्या की पारखीच्या.

पारखी हेही टोपणनावच, पण कमावलेलं. दार उघडलं की मान वर न करता तो सांगायचा, आत आलेल्याने कुठला साबण लावलाय.

“पहिलं गिऱ्हाईक येईल ते दोघांनी मिळून बघा,” बाई म्हणाल्या. “मी नुसती बसते.”

पहिलं गिऱ्हाईक आलं ते एक किडकिडीत, हळू बोलणारी स्त्री. दवाखान्यातली नर्स.

“उद्या माझा निरोपसमारंभ आहे,” ती म्हणाली. “जन्मभर अंगाला स्पिरिटचा वास. म्हटलं, एकदा तरी...”

“जाई,” पारखीने तिला तोडलं. “तुमच्या सौम्य स्वभावाला जाईच, ताई.”

“...एकदा तरी आपल्या आवडीचं काही लावावं,” नर्सने वाक्य पुरं केलं. मग जाई हुंगली. “छान आहे हो.”

छान म्हणताना ती पाऊलभर मागे सरकली. साळुंकीने ते पाहिलं. बोलता बोलता नर्सने समोरच्या तिरक्या बाटल्या एका रांगेत लावून टाकल्या होत्या, तेही पाहिलं.

“ताई, वॉर्डात डॉक्टरसुद्धा तुम्हाला विचारून पाऊल टाकत असतील.”

“विचारून नाही गं. घाबरून.”

साळुंकीने ‘करारी’ काढलं. थेंब मनगटावर पडला. नर्सने हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मग तिची मान हळूहळू वर आली, खांदे मागे गेले, वाकलेली फांदी सोडून द्यावी तशी ती सरळ झाली.

“अगं बाई,” ती म्हणाली, “ही तर मी.” आणि बाटली घेऊन निघताना दारातून हसली, “आमच्या ह्यांचं आता काही खरं नाही.”

बाई खुर्चीतून हे सगळं पाहत होत्या. बाटलीकडे नाही, नर्सच्या चेहऱ्याकडे. त्यांनी पर्स उघडली.

“बाई, एक मिनिट,” पारखी पुढे आला. त्याच्या हातात कागदाची ओली पट्टी होती. “निर्णय घ्यायच्या आधी साळुंकीला हा वास कशाचा, एवढं विचारू द्या. नवा नमुना आलाय. अगोदर तुम्ही बघा.”

बाईंनी पट्टी घेतली, नाकाखाली धरली, परत दिली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही.

“तिला विचारा,” त्या म्हणाल्या.

पट्टी साळुंकीसमोर आली. तिने सवयीने आधी माणसं पाहिली. पारखीने पट्टी दोन बोटांच्या टोकांत, अंगापासून लांब धरली होती. त्याचे हात सांगत होते, घाण आहे. बाईंचा चेहरा सांगत होता, काही वावगं नाही. दोन्ही खरं कसं असेल? इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचे डोळे अडले.

“बोल की,” पारखी म्हणाला. “एरवी तर तोंड मिटत नाही.”

काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण मनगट नाकाशी धरून सरळ होत गेलेली ती नर्स तिला अजून दिसत होती. तिथे तिने खोटं काही विकलं नव्हतं.

“मला सांगता येणार नाही, दादा,” ती म्हणाली. “मला वास येत नाही. लहानपणीच गेला. ही सगळी अत्तरं मी माणसांकडे बघून विकली.”

“ऐकलंत?” पारखी बाईंकडे वळला. “मागच्या खोलीत फिनेलची बाटली फुटली, आम्ही सगळे बाहेर पळालो आणि ही तिथेच बसून डबा खात होती. तेव्हाच मला शंका आली. ही पट्टी फिनेलची आहे, बाई. नुसत्या फिनेलची.”

त्याचं त्यालाच काहीतरी ऐकू आल्यासारखा तो मध्येच थांबला. हातातल्या पट्टीकडे बघितलं. मग बाईंकडे.

बाई उठल्या. पर्समधून नव्या दुकानाची किल्ली काढून त्यांनी साळुंकीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं आपल्या हाताने मिटली.

“‘करारी’ घडवलं ना,” त्या म्हणाल्या, “तेव्हा मलाही कुठलाच वास येत नव्हता.”