जीपमधली पुढची सीट

पोलिसांची जीप दिसताच झेलाबाई पारधीण सवयीने बाजरीत पळाली. मग आठवलं, तशी हसत परत आली.

"आजी, पाटलांकडे चोरी झालीय," फौजदार म्हणाला. "माग वाचून द्या."

मातीत पेरलेल्या यंत्रांमुळे गावची माती आता प्रत्येक पाऊल आठ दिवस जपून ठेवायची. पण पारध्यांच्या पंचायतीने ती पावलं वाचल्याशिवाय कुणालाही अटक करता येत नव्हती. तितराचा माग काढणारी नजर यंत्राला काही जमली नव्हती.

पंचायतीतल्या झेलाबाईने फौजदाराने पुढे धरलेल्या पडद्यावरचे ठसे न्याहाळले आणि तिचे डोळे चमकले. "चोर बाहेरून आलाच नाही. पाटलांच्याच माडीवरून उतरलाय. चला, दाखवते."

आजवर ती चारदा जीपमध्ये बसली होती, चारही वेळा मागे, न केलेल्या चोरीसाठी. आज फौजदाराने तिच्यासाठी पुढचं दार उघडलं आणि स्वतः मागे जाऊन बसला.